शब्दाखालची टिंबं

लेकीच्या त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. मुलगी झाली, दोघी ठीक आहोत, जमलं तर या. अक्षर वळणदार, एकही वेलांटी चुकलेली नाही. पण पहिला शब्द होता ‘तीर्थस्वरूप’. तेवढा वाचून त्यांना पुढचं सगळं कळल्यासारखं झालं. पत्राची घडी करून त्यांनी ती शब्दकोशात ठेवली आणि ती तिथंच राहिली.

आज ते वाचनालयात नेहमीच्या कोपऱ्यात बसले होते. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली; आता वाचनालयाच्या सूचनाफलकावरचे ऱ्हस्वदीर्घ तपासत. मागं सगळे त्यांना काना-मात्रा आजोबा म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, पण हटकायचा धीर नव्हता.

शाळेतल्या बाई घाम पुसत आत आल्या आणि पंख्याखालची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

“आजोबा, एक निवाडा करा. तिसरीला पत्रलेखन चाललंय. सुट्टी लागायच्या आत प्रत्येकानं घरच्या कुणाला तरी खरंखुरं पत्र पोस्टात टाकायचं. एकानं कुत्र्यालाच ‘तीर्थरूप’ करून टाकलंय. ते एक सोडा. पण वर्गात एक नवीन मुलगी आलीय, ती काही माझं ऐकेना.”

“कशावरून?”

“मायन्यावरून. मी शिकवलं, रक्ताच्या वडीलधाऱ्यांना तीर्थरूप, आणि ज्यांना तसं मानतो त्यांना तीर्थस्वरूप. बरोबर ना?”

“बरोबर,” ते लगेच म्हणाले. जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल त्यांच्या मनात शंका असे. इथं नव्हती.

“आता हिचे आजोबा सख्खे नाहीत. तिनंच भर वर्गात सांगितलं. तिच्या आईला त्यांनी तान्ही असताना घरी आणलं म्हणे. आणि आईला ते कळलं कधी, तर लग्नाच्या आदल्या दिवशी! तेही आत्या बोलून गेली म्हणून. काय माणसं असतात बघा. तर मग आजोबांना तीर्थस्वरूपच लिहायला हवं ना?”

आजोबांच्या हातातली पेन्सिल निसटली आणि टेबलावरून घरंगळत खाली गेली. त्यांची बहीण त्या दिवशी अशीच बोलून गेली होती. हसत हसत, चहाचा कप हातात घेऊन.

“आजोबा?”

“नियमानं,” ते म्हणाले. पेन्सिल उचलायला ते खाली वाकले. “नियमानं स्वरूपच.”

“मीही तेच केलं. तांबड्या पेनानं ‘स्व’ घातला. तर दुसऱ्या दिवशी कागद हा असा परत! आईनं माझा ‘स्व’ खोडलाय आणि शब्दाखाली टिंबं काढलीत. आधी मला वाटलं, पेन गळलं. विचारलं, तर आईचा निरोप आला, वाचनालयात कोपऱ्यात एक आजोबा बसतात, त्यांना दाखवा. ते म्हणतील ते मान्य.”

बाईंनी कागद पुढं सरकवला.

पेन्सिलीनं लिहिलेलं मोठं, कष्टाचं ‘तीर्थरूप’. मधे घुसवलेला तांबडा ‘स्व’. त्यावर निळी रेघ. आणि शब्दाखाली निळ्या टिंबांची ओळ, सारख्या अंतरानं, एकही पुढंमागं नाही.

छापखान्यातली खूण होती ती. दुरुस्ती रद्द, आधी होतं तेच राहू द्या. छापखान्याबाहेर त्यांनी ती एकाच व्यक्तीला शिकवली होती. ती तेव्हा तिसरीत होती. त्यांच्या टेबलापाशी बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. टिंबांचं तिला वेड लागलं होतं. झोपायला चल म्हटलं की पाटीवर एक ओळ टिंबं काढून पाटी त्यांच्यासमोर धरायची. आहे तसं राहू द्या.

“पाणी आणू का? चेहरा केवढा उतरलाय तुमचा.”

“बाई, तुमचा ‘स्व’ चुकलाय.”

“अहो, आत्ता तर बरोबर म्हणालात!”

“आत्ता चुकलो.”

बाई बघतच राहिल्या. बाकी कशातही हा माणूस आधी ‘माझंच चुकलं’ म्हणून मोकळा होई. शब्दाच्या बाबतीत हे कुणी ऐकलं नव्हतं.

“मग नियम?”

“नियम बरोबर आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. “या मुलीचा पत्ता देता का मला?”

घरी येऊन त्यांनी शब्दकोश उघडला. घडीवर कागद पिवळा पडला होता. लेकीचा तो पहिला शब्द इतकी वर्षं त्यांना तोंडावर लावलेल्या दारासारखा वाटत आला होता. तिनं तर त्यांचाच नियम त्यांच्यापुढं ठेवला होता आणि दुरुस्तीची वाट पाहिली होती. एवढा काळ प्रूफ कुणी अडवून ठेवत नाही.

उत्तर लिहायला ते बसले. चार ओळी लिहिल्या, फाडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा फाडल्या. शेवटी त्यांनी नवा कागद बाजूला सारला आणि तांबडी पेन्सिल उचलली.

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला, तरी त्यांचा हात फटीतच होता. पाकिटात तिचंच जुनं पत्र होतं. पहिल्या शब्दातला ‘स्व’ खोडलेला, आणि खाली, शेवटच्या प्रुफावर ते जन्मभर लिहीत आले होते तीच ओळ: ‘छापण्यास हरकत नाही.’ सहीच्या जागी, बाबा.