थोडंसं जास्त

"नाव सांग, आई. बाकी मी बघते."

भिमाबाई कमरेला पट्टा बांधून बाजेवर पडली होती. पंचशीलाच्या मांडीवर ग्राहक मंचाचा अर्ज होता. सगळा लिहून झाला होता. फक्त डॉक्टरच्या नावाची जागा रिकामी होती.

"जाऊ दे गं पंचू. चार वर्सं झाली त्येला."

"चार वर्षं तुझी हाडं झिजली, म्हणूनच जाऊ देत नाही."

तेवढ्यात शेजारची साखराबाई दारात आली. हातात रक्ताचा रिपोर्ट.

"आली का गं आमची डॉक्टरीण? जरा बघ बरं, ह्ये इंग्रजी काय बरळतंय."

पंचशीला बीडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती नांदूरघाटला आली की गल्लीतले असले कागद तिच्यापुढं यायचेच. रागातच तिनं त्यावरून नजर फिरवली.

"जेवणानंतरची साखर थोडीच वाढलीय, मावशी. घाबरू नका."

"बगा, एका मिंटात! तिकडं आर्धा दिस बसवत्यात," म्हणत साखराबाई गेली.

भिमाबाई लेकीकडं बघत राहिली. नवरा गेल्यापासून घरात दोघीच, ती आणि ही एकुलती पोर.

महिन्यापूर्वी पिठाचा डबा उचलायला भिमाबाई वाकली आणि पाठीत कट्‌कन आवाज झाला. बीडच्या डॉक्टरांनी फोटो काढला. दोन मणके दबलेले. वय बावन्न, हाडं ऐंशीची. वर्षभर तिचं लुगडं पायात येत होतं. तिला वाटलं, लुगडंच लांब निघालं. ती स्वतः दोन इंच आखूड झाली होती.

डॉक्टरांनी जुने कागद मागितले. चार वर्षांपूर्वी केजच्या एका दवाखान्यात मुतखड्यासाठी स्कॅन काढला होता. त्यात मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत बोराएवढी गाठ दिसत होती. रिपोर्टात तिच्यावर एकच ओळ होती. ती गाठ कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक जास्त बनवत होती. फार नाही. चेहरा सुजला नाही, वजन वाढलं नाही. थोडंसंच जास्त, पण रोज. तेवढ्यानं झिजलेलं हाड पुन्हा भरेनासं झालं. तेव्हाच तपासलं असतं तर मणके बहुतेक वाचले असते, असं बीडचे डॉक्टर म्हणाले.

मग तेव्हा तपासलं का नाही? भिमाबाईचं एकच उत्तर. डॉक्टरनं काई न्हाई म्हणून सांगितलं.

"कुठल्या डॉक्टरनं, आई?"

"लेकरूच हुतं गं. शिकत हुतं त्येव्हा."

"शिकाऊ डॉक्टर!" पंचशीला ताडकन उठली. "गरिबाचा रिपोर्ट म्हणून शिकाऊ पोराच्या हाती दिला? नीट वाचला तरी होता का त्यानं?"

"वाचला की. झटक्यात."

"आणि तू ऐकलंस."

"इस्वासाचं हुतं," भिमाबाई म्हणाली. "कावून येवढी तापती? त्या लेकराला काय म्हाईत, आसं हुईल म्हणून. त्येच्या जिवाला लागंल."

"लागू दे! तुझी पाठ मोडली त्याचं काय?"

भिमाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पंचशीला केजला गेली. दवाखान्याचे म्हातारे डॉक्टर पेशंट तपासत होते. ती थेट आत शिरली आणि चार माणसांदेखत अर्ज टेबलावर ठेवला.

"तुमच्या शिकाऊ डॉक्टरनं माझ्या आईला कायमचं अधू केलंय. नाव पाहिजे त्याचं."

डॉक्टरांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"बाई, इथं शिकाऊ कुणी कधीच नव्हतं. मी आणि सिस्टर, दोघंच."

"मग तुम्हीच म्हणालात, काही नाही म्हणून! एवढीशी गाठ, थोडंसं वाढलेलं, खेड्यातली बाई. कोण विचारणार! विचारायला मी आलेय."

बाहेरच्या बाकावरची माणसं दारात जमली. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी सिस्टरला जुनी फाइल काढायला सांगितली. ती सापडायला बराच वेळ लागला. पंचशीला बसली नाही.

डॉक्टरांनी पान तिच्यासमोर धरलं. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : गाठ दिसते. हार्मोनची तपासणी जरुरी. एक महिन्यात येणे.

"त्या आल्या नाहीत. म्हणून आम्ही फोन केला होता," ते म्हणाले. "खाली सिस्टरनं लिहून ठेवलंय बघा."

त्यांनी चष्मा नीट केला आणि मोठ्यानं वाचलं, "'पेशंटच्या मुलीने मोबाइलवर रिपोर्ट पाहिला. मुलगी डॉक्टर आहे असे पेशंट सांगते. मुलगी म्हणाली, काही नाही. पेशंट येणार नाही.'"

मग त्यांनी अर्ज तिच्याकडं सरकवला, त्यावर आपलं पेन ठेवलं आणि रिकाम्या जागेवर बोट टेकवून विचारलं, "काय नाव तुमच्या बहिणीचं?"