रॉस्कोचा ट्रम्पेट

कॅन्सस सिटीत दर रविवारी चर्चहून आली, की वेल्मा नवऱ्याची अडतीस सालची रेकॉर्ड लावायची. त्या नाचाच्या गाण्यात रॉस्कोचा ट्रम्पेट अर्धं मिनिट एकटाच वाजतो. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्यातला त्याचा प्रत्येक श्वास तिला पाठ होता.

त्या दुपारी अर्धं मिनिट उलटलं, तरी ट्रम्पेट थांबेना.

"वहिनी, दादा एवढा वेळ वाजवतो?" नणंद अर्लीनने विचारलं.

"नाही गं. ऐक, त्याला धाप लागलीय."

सुई तबकडीच्या मध्यापाशी पोचली, तरी सूर चालूच. मधले श्वास आखूड होत चालले.

"बंद कर वहिनी, मरेल तो!"

वेल्माने सुई उचलली.

ट्रम्पेट थांबला. धाप मात्र तिच्या मानेमागे चालूच राहिली.