माधुरीचे उंदीर

माधुरी कामावरून आली ती चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली. "आई, आज उंदरांना जागा सापडली!"

शकुच्या हातातलं लाटणं थांबलं. माधुरी मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत होती. मेंदूला मार लागलेल्या उंदरांना तिथे हळदीतून काढलेलं एक द्रव्य देऊन बघत होते. पाण्याच्या टाकीत एक चौथरा बुडवून ठेवलेला असायचा. मार लागलेले उंदीर त्याची जागा विसरायचे आणि दमेपर्यंत गोल गोल पोहत राहायचे. आज औषध दिलेले उंदीर सरळ चौथऱ्यावर जाऊन बसले होते.

बाहेरच्या खोलीत तिचा भाऊ धम्मपाल खिडकीशी बसला होता. गेल्या वर्षी कांजूरमार्गला त्याची बाइक घसरली, डोकं दुभाजकावर आदळलं. तेव्हापासून बोललेलं त्याच्यापर्यंत उशिरा पोचायचं. कधी पोचायचंच नाही. स्वतःहून तर तो काही बोलतच नव्हता.

"मग आण ना थोडं घरी," शकु म्हणाली.

"असं नाही आणता येत, आई. माणसांवर अजून काहीच झालेलं नाही. उलटलं तर?"

"अजून काय वाट लागायची राहिलीय त्याची?"

शकुने चपाती तव्यावर टाकली. जरा वेळाने तिने सहज विचारलं, "पण डोक्याला लागलेले एवढे उंदीर तुम्हाला मिळतात कुठून गं?"

"मिळत नाहीत. आम्हीच मारतो."

"म्हणजे?"

"आधी भूल देतो, त्यांना काही कळत नाही. मग वरून वजन सोडायचं. बरोबर कवटीवर."

"कोण सोडतं?"

"मी."

शकुने लेकीच्या हातांकडे पाहिलं आणि नजर तव्याकडे वळवली.

माधुरी बाहेरच्या खोलीत आली. अंधारून आलं होतं. दिव्याचं बटण धम्मपालच्या डोक्यावर, खिडकीच्या बाजूला होतं. तिने हात वर केला.

धम्मपाल आक्रसला. त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"अरे, लाइट लावतेय," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला.

"माधू," तो म्हणाला, "आधी भूल दे."