घरबसल्या श्रमदान

रविवारी टेकडीवर श्रमदानाला माणसांच्या उंचीची यंत्रं आली. टेकडी जपणाऱ्या समितीचे सभासद आपापल्या घरी सोफ्यावर बसून ती चालवत होते. स्वतःच्या पायांनी आल्या होत्या त्या एकट्या वत्सलाताई गुर्जर.

समितीचे अध्यक्ष राजवाडे यंत्राकरवी पायवाट रुंद करत होते. फावडं टिटवीच्या अंड्यांजवळ पोचलं.

"थांबा, पुढे अंडी आहेत," वत्सलाताई म्हणाल्या.

"ताई, वाट सरळच हवी. निसर्गप्रेमींसाठी आहे," यंत्रातून आवाज आला. फावडं पुन्हा उचललं गेलं.

वत्सलाताईंनी यंत्राला सगळा जोर लावून ढकललं. ते गडगडत खालच्या चरात जाऊन उताणं पडलं. टिटवी अंड्यांवर परतली.

"मला नुसतं आभाळ दिसतंय. जरा उभं करता का?" चरातून राजवाड्यांचा आवाज आला.

"स्वतः येऊन उचला," ताई म्हणाल्या. "आणि वाट विचारत या. टेकडी तुम्ही पाहिलीय कुठे?"