सर्व्हरला हात लावू नकोस

“लिनक्सचं भवितव्य आज या हॉलमध्ये ठरणार आहे!” राजन टिपणीस गरजले. हॉलमध्ये मंडळाच्या कमिटीचे सहा जण होते. त्यातले चार साबुदाणा वड्यांची वाट पाहत होते.

प्रश्न मंडळाच्या सर्व्हरचा होता. बहारीनमधल्या मुलांची मराठी गाणी, गोष्टी, शुक्रवारच्या वर्गाचे धडे, सगळं त्यावर होतं. सलमाबादला एका सभासदाच्या गोदामात तो खोक्यांमध्ये बसलेला असायचा. उभा केला होता वसईच्या जॉनने. आता त्यावर मशीन चालवणारं नवं लिनक्स घालायचं होतं, आणि मशीन सुरू होताना आतल्या प्रोग्रॅमांना कोणी, कुठल्या क्रमाने उठवायचं यावरून वाद पेटला होता. जॉनला सिस्टमडी हवी होती. त्यात एकच मुकादम सगळ्यांना उठवतो. राजनना जुनी पद्धत हवी होती. साध्या ओळी, आपल्या हाताने लिहिलेल्या.

“बहुतेक लिनक्सवाले तिकडे गेले, राजनभाऊ,” जॉन म्हणाला.

“बहुतेक लोक पिझ्झाला जेवण म्हणतात. म्हणून आपणही म्हणायचं?”

“जुन्या पद्धतीत एक ओळ चुकली की मशीन उठत नाही.”

“माझी ओळ चुकत नाही. जॉन, तू केक छान करतोस. ते कर. सर्व्हरला हात लावू नकोस.”

सगळे हसले. जॉनही हसला. त्याची बायको सेलिन तेवढ्यात वडे घेऊन आली होती. तिने ताट टेबलावर ठेवलं आणि पर्स उचलली.

परतताना गाडीत राजनची बायको सुनंदा त्यांना एवढंच म्हणाली, “वडे तिने केले होते.”

दुसऱ्या दिवशी, मे महिन्याच्या उकाड्यात, राजननी सलमाबादला जाऊन नवं लिनक्स घातलं, सुरुवातीच्या ओळी लिहिल्या, त्यांचा फोटो अभिमानाने ग्रुपवर टाकला, रीस्टार्ट दिला आणि घामाने निथळत निघाले. सनद भागातल्या आपल्या घरी पोचून फोनवर सर्व्हरवरचं मंडळाचं पान उघडायला घेतलं. उघडेना. आंघोळ केली, जेवले, पुन्हा पाहिलं. उघडलं.

“उठायला जरा वेळ घेतं, पण उठतं,” त्यांनी ग्रुपवर लिहिलं. जॉनने अंगठा पाठवला.

तो अंगठा राजनना शिवीपेक्षा जास्त लागला. पुढे एकदा सुपरमार्केटात समोरून जॉन येताना दिसला, तर राजन घरात कुत्रा नसताना कुत्र्यांच्या खाण्याच्या रांगेत शिरले आणि जॉन जाईपर्यंत पाकिटांवरचा मजकूर वाचत राहिले. गणपतीत सेलिन आली नाही. का, ते कोणी विचारलं नाही, आणि राजननी तर नाहीच नाही.

सप्टेंबरात टिपणीसांच्या लग्नाचा वाढदिवस होता. त्या दुपारी मंडळाचं पान तासभर बंद पडलं. मेपासून एकदाच. राजननी ग्रुपवर नेटवर्कवाल्यांना चार शब्द सुनावले. संध्याकाळी जॉनकडून केक आला, वर दोघांची नावं. “मला शुगर आहे,” राजन म्हणाले. त्यांना शुगर नव्हती. सुनंदाने तुकडा त्यांच्यासमोर ठेवला आणि रात्री तसाच उचलला.

खंडेनवमीला ते हळदकुंकू आणि हार घेऊन सलमाबादला गेले. हार एवढा मोठा की मशीन पुढून दिसेनासं झालं. पंख्याची घरघरसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर झेंडू ताजाच. ‘बघा, किती थंड चालतं!’ त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. जॉनचा पुन्हा अंगठा.

मग बातमी आली की जॉनचा काँट्रॅक्ट संपला, कुटुंब कायमचं वसईला चाललंय.

“जाण्याआधी तरी जा,” सुनंदा म्हणाली.

बुसैतीनला जॉनच्या घरी पोचेपर्यंत राजननी माफी गाडीत तीनदा पाठ केली. दार सेलिनने उघडलं. “या,” म्हणाली आणि आत गेली. घरभर बांधलेली खोकी.

“जॉन, त्या दिवशी मी जे बोललो... चारचौघांत, सेलिनसमोर... मला लाज वाटते रे.”

“खलास, राजनभाऊ. केव्हाच संपलं ते.”

राजनना एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटताच जीभ सुटली. “वादात मात्र मी बरोबर होतो, हां! मेपासून मशीन अडलं का? तेवढं तरी मान्य कर.”

“मुलांना गाणी मिळतायत ना. बस झालं.”

“सांग आता,” आतून सेलिन म्हणाली. “परवा इथली वीज बंद होईल.”

जॉन उठला. मग राजनना किचनमध्ये घेऊन गेला. ओटा रिकामा होता. वर फक्त एक जुना लॅपटॉप चालू होता, भिंतीतल्या प्लगला जोडलेला.

“तुमच्या मशीनमध्ये, सुरू झाल्यावर काय करायचं, तिथे तुम्ही शून्य लिहिलंय. शून्य म्हणजे बंद हो. ते बिचारं बंद झालं. मेपासून बंदच आहे. हात लावू नकोस म्हणाला होतात, म्हणून लावला नाही. सगळ्या गाण्या-गोष्टींची प्रत माझ्याकडे होती, पानाचा पत्ताही माझ्याकडेच होता, तो इकडे वळवला. यातसुद्धा तुमचीच जुनी पद्धत घातलीय, तुम्ही सगळ्यांना सांगता ते खोटं पडायला नको म्हणून.” जॉनने की-बोर्डवरचा मैदा बाहीने पुसला. “हा तेवढा घरी न्या, राजनभाऊ. बॅटरी मेलीय. एकच करा, मिक्सर लावताना याचा प्लग काढू नका. तुमच्या केकच्या वेळी मी काढला होता.”