चौथीच्या वर्गातली येळवस

"बाई, सुट्टीच्या दिवशी शाळा उघडणाऱ्या तुम्ही पहिल्याच." सरजाबाईनं तीन दगडांच्या चुलीत आणखी एक काटकी सारली. ती शाळेची झाडलोट करायची. पातेल्यात डोकावून ती हसली. "आन् ही आंबील हाय व्हय? माजं तोंड दिसायलंय हिच्यात."

"दिसू दे. ढवळत राहा," ताराबाई म्हणाल्या.

ताक गावात कुणाकडंच नव्हतं. रेशनच्या ज्वारीचं पीठ त्यांनी चिंचेच्या कोळात कालवलं होतं. पाणी टँकरचं, त्यांच्याच वाट्याचं, दोन दिवस भांडी राखेनं घासून मागं ठेवलेलं.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरची ही पहिली येळवस. शाळेच्या पाटीवर नव्या जिल्ह्याचं नाव घातलं होतं, पण रंगाखालून जुनं उस्मानाबाद अजून डोकावत होतं. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला अख्खं गाव रानात जेवतं. घरात कुणी ताट घेत नाही, आणि बांधावरून जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय घास उचलत नाही. यंदा रानात काळ्या भेगांशिवाय काही नव्हतं. सगळ्यांत मोठं रान शेषेरावांचं. पारावर तेच म्हणाले होते, "यंदा येळवस न्हाई." बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी विचारलं, "बाई, न्हाई म्हंजे काय?" ताराबाईंनी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : येळवस आपल्या वर्गात. घरी जे असेल ते मूठभर आणा.

आज पोरं मूठभर घेऊन आली. कुणी हुलगे, कुणी तुरीची डाळ, कुणी वाळलेली चवळी. एकीनं नुसतंच मीठ आणलं. सगळं एकत्र शिजवून येळवशीची भज्जी झाली. रानात कडब्याची कोपी करून तिच्यात पांडव मांडतात; इथं कडबा कुठला? फळ्याच्या तिपाईवर बस्करपट्ट्या टाकून पोरांनी कोपी उभी केली. पंढरीनं पाच दगडांना खडू फासला.

"बाई, पांडव कुठं मांडू?"

"देव तुमचे तुम्ही मांडा. मी बुद्धाची. वाढणार मात्र मी."

दारात चार-पाच पोरं अडून उभी होती. शेतकऱ्यांच्या घरची. त्यांच्या पुढं शेषेरावांची नात, सिंधु.

"आबा म्हणले बघून ये, खाऊ नको," ती म्हणाली.

"मग बघायला तरी आत ये. दारातून भज्जीचा वास नीट येत न्हाई."

सिंधु आत आली. तिच्यामागं बाकीची. थोडा वेळ ती मांडीखाली हात दाबून बसली. मग तिनं ताटली पुढं केली. ते बघून मागच्यांनीही केल्या.

दुसरा घास तोंडात होता, तेवढ्यात बाहेर वहाणा करकरल्या. शेषेराव दारात उभे होते.

"सिंधे! ऊठ."

सगळ्यांचे हात थांबले. दारातून आलेली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सिंधु उठली असती तर तीही उठली असती. ताराबाईंनी पळी खाली ठेवली नाही.

"तिची ताटली होऊ द्या, आबा. येळवशीला जेवत्याला उठवत नसतेत."

"मला शिकवती का येळवस? तुजा बाप व्यंकटी माज्या बांधावर जेवायचा."

"हाव. मी बी जेवले. पोटभर वाढायचे तुम्ही. कुणालाच माघारी लावलं न्हाई कधी." ताराबाई दारापाशी आल्या. "आज तुम्ही जेवलात का?"

शेषेरावांनी शाळेच्या पाटीकडं बघितलं, मग खाली.

"कुठले जेवतेत!" सरजाबाई चुलीजवळून बोलली. "सकाळधरनं दार लावून बसलेत घरात. चूल बी पेटली न्हाई. एरवी ह्यांच्या हाकंनं रान दणाणायचं."

"तू गप ग," शेषेराव म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

ते वळले. दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि वर्गाकडं पाठ करून पायरीवरच बसले.

"दे मग," ते समोर बघत म्हणाले. "हितंच दे."

त्यांनी मान खाली घालून ओंजळ तोंडाशी धरली. बांधावर व्यंकटी अशीच धरायचा.

ताराबाई आंबिलीचा तांब्या घेऊन आल्या. त्या वरच्या पायरीवर होत्या, ओंजळ खाली होती. तांब्या जरासा कलला. मग त्यांनी तो परत सरळ केला आणि पोटाशी धरला.

"अशी वरून ओतायची न्हाई मी, आबा. आत या."

ओंजळ रिकामीच राहिली. शेषेरावांनी ती खाली घेतली नाही, आणि ते उठलेही नाहीत. ताराबाईही हलल्या नाहीत. चुलीतली काटकी तडकली.

आतून सिंधुचा आवाज आला. "आबा, हितं जागा हाय. पंढरी, सरक की रं!"

पोरं सगळी अनवाणी आली होती, सरजाबाईही. पायरीवर दोनच जोड राहिले. ताराबाईंच्या झिजलेल्या चपला, आणि त्यांना खेटून शेषेरावांच्या वहाणा.