पहिलीचं नाव

आगाशीच्या वाडीत ती ओटीवर विड्याची पानं निवडत बसली होती, तेव्हा शाळेचे मास्तर मतदारांच्या यादीसाठी पुन्हा दारात आले. उन्हातान्हात गाव पालथा घालून त्यांचा आवाजही बसला होता.

“वहिनी, ‘हरिभाऊंची बायको’ एवढ्यावर भागत नाही. बाईचं स्वतःचं नाव नसेल तर यादीतून काढणार आहेत.”

“यमुना,” ती म्हणाली.

मास्तर लिहिता लिहिता थांबले. “यमुनावहिनी तर गेल्या. मी होतो की मर्तिकाला.”

“मी दुसरी. लग्नात मलाही त्यांचंच नाव ठेवलं.” मेलेल्या सवतीच्या नावाने गळ्यात घातलेला चांदीचा टाक तिने सवयीने पदराआड सारला.

मास्तर दमून पायरीवर टेकले. “त्या नावापुढे मयत लिहिलंय हो. पुन्हा तेच दिलं, तर वरचे साहेब ठेवतील का? माहेरचं काय होतं?”

तिने हातातलं पान खाली ठेवलं. त्या नावाने हाक मारणारं आता माहेरीही कुणी उरलं नव्हतं.

“सुभद्रा.”

“जरा मोठ्याने सांगा.”

“सुभद्रा.”

आत झोपाळ्यावर पडलेल्या नवऱ्याला ते ऐकू गेलं. “कोण गं ही सुभद्रा?”

मास्तरांचं लिहून होईपर्यंत ती गप्प राहिली. मग पानांची टोपली पुढ्यात ओढत म्हणाली, “कोणी नाही.”